शेऱ्याचा रकाना

झाडांना अजून नावं नाहीत.
पाटीवर फक्त आकडे, ऑइल पेंटचे,
नाव कळलं की नजर बिघडते म्हणून.
प्रत्येक वाणाची तीन झुडपं, दोन वर्षं,
आणि आम्ही चौघं, महिन्यातून एकदा,
तेलंगखेडीच्या उतारावरच्या या तुकड्यात
पॅडला कागद अडकवून फिरणारे.

जानेवारीत हे काम कुणीही करील.
जानेवारीत नागपूरला गुलाब वाईट दिसूच शकत नाही.
चौदा नंबर तेव्हा वरबापाच्या फेट्यासारखा उभा होता.
देवतळे सर त्याच्यापुढून हलेनात,
पाकळ्या मोजल्या त्यांनी, बेचाळीस,
आणि दहापैकी साडेनऊ देऊन टाकले.
सतराला मी चार दिले.
संत्र्याच्या सालीची आतली बाजू असते तसा रंग,
मान खाली घालून उमलणारं फूल.
शेऱ्यात ‘लाजाळू’ लिहिलं, मग खोडलं.
आमच्या तक्त्यात लाजेला गुण नाहीत.

आज एकोणीस मे.
काल पंचेचाळीस पूर्णांक आठ.
देवतळे सर पुण्याला लेकीकडे, बाकीचे दोघे फोनवर
“तुम्हीच बघून घ्या” म्हणाले.
सकाळचे साडेसहा, आणि मुरूम आत्ताच तापायला लागलाय.
चौदा वरून वाळत आलाय, काडी काडी काळी,
कलमाच्या जोडाखालचा जंगली फुटवा मात्र जोमात,
भाडेकरूनं घर बळकवावं तसा.
नऊ गेला. अकराची कळी उमलायच्या आत उकडून जाते.
सतरावर पाच फुलं.
आकसलीत, शेवंतीएवढी झालीत,
पण आहेत. पानावर एक ठिपका नाही.
तीनदा मोजली,
कारण मी चार दिले होते हे मला आठवत होतं.

उरला सुगंध. वीस गुण.
तीन वर्षांपूर्वीच्या त्या तापानंतर
मला वास येत नाही. समितीला हे सांगितलेलं नाही.
फोडणी करपली की धूर दिसल्यावर कळतं.
आजवर देवतळे सर पुटपुटायचे तो आकडा ऐकून
त्यात एक इकडे, एक तिकडे करत आले.

“उईके, जरा बघा हो हे.”
चंद्रभान उईके पाईप ठेवून आले,
हात पँटला पुसले, फूल न तोडता
वाकले, डोळे मिटले. बराच वेळ.
“हाय जी मॅडम, वास हाय.
कूलरले नवा वाळा लावला अन् पयलं पानी सोडलं
तवा येते ना, तसा. आंधी वाळा, मंग गोड.”
इतकं नेमकं समितीत कुणी कधी बोललं नव्हतं.
मी सोळा लिहिले.

पाईप उचलून ते सतराच्या आळ्यात पाणी सोडत राहिले,
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
“खरं सांगू का, रागावू नका.
बावीस वर्सं फवारनी केली, तोंडाले निस्ता दुपट्टा.
मले आता वास येत नाई.
तुमी एवढ्या आशेनं इचारलं म्हून…”
“मग वाळा?”
“तो आठवते जी.”

पाण्याचा आवाज. रस्त्यावर दूधवाल्याचे कॅन.
दोन बंद नाकं, आणि मध्ये एक फूल,
त्याचं जे काही असेल ते हवेत सोडत.
मग मीही सांगितलं.
ते हसले नाहीत.
“मंग कायले आलो आपन एवढ्या सकारी,” एवढंच.

सोळा खोडले. शून्यही खोटंच झालं असतं.
रकाना कोरा ठेवून शेऱ्यात लिहिलं:
झुडूप उन्हात टिकते.
फूल मान खाली घालते, त्यामुळे पाकळ्या करपत नाहीत.
जानेवारीतले चार गुण घाईचे होते.
सुगंधासाठी पुन्हा यावे,
ऊन चढायच्या आत,
येताना कुणाचं तरी नाक सोबत आणावे.