घडी

औलू शहरात नोव्हेंबरात तीनलाच दिवस मिटतो.
तळघरातल्या भट्टीत मात्र
जंगल उगवायला वीस मिनिटं पुरतात:
सिलिकॉनची चकती, तिच्यावर लोखंडाचे कण,
इथिलीन वायू,
साडेसातशे अंश.
दार उघडलं की आत काळ्या मखमलीचा चौकोन,
अर्धा मिलिमीटर उंच.
त्याला आम्ही जंगलच म्हणतो.
बोट लावायचं नाही, असं दारावर लिहिलंय.
रौनीनं पहिल्याच दिवशी लावलं.
तो ठसा अजून डबीत आहे,
वर माझ्याच अक्षरात: रौनी, उजवी तर्जनी.

एकटी नळी उभी राहूच शकत नाही.
बोटाएवढी जाड धरली
तर पाऊण किलोमीटर उंच व्हायची ती;
कोण उभं राहील?
त्या उभ्या असतात शेजारणीच्या जिवावर,
वळसे घेत, अडकत,
एकमेकींच्या अंगावर रेलत.
कार्बनच्या नळ्यांचं जंगल सरळ दिसतं
ते लांबून.

मग वरून हिऱ्याचा सपाट ठोकळा उतरतो.
इतका सावकाश
की मी राईच्या पावाला लोणी लावून
खाऊन, कप विसळून येते
आणि तो अजून अर्ध्यातही नसतो.
पडद्यावर रेघ आधी ताठ चढते,
मग अचानक दमते,
आडवी होते,
अधूनमधून एक बारीकसा गचका.
प्रत्येक गचका म्हणजे एक घडी.

मला वाटायचं, शेंडे आधी मान टाकतील.
ओझं त्यांच्यावरच तर येतं.
पण नाही.
सूक्ष्मदर्शकात पाहिलं, दहादा पाहिलं:
पहिली घडी बुडाशी पडते,
दुसरी तिच्या डोक्यावर,
तिसरी तिच्याही वर,
जणू कुणी झोपलेल्या माणसाखालून
सतरंजी गोळा करत चाललंय.

कारण साधं आहे.
ही झाडं मुळातून वाढतात, शेंडा सर्वांत जुना.
लोखंडाचे कण एकेक करून निजतात, तशा
नळ्या विरळ होत जातात खाली खाली.
शेंड्याला बालपण, पायाशी थकवा.

बाबांच्या एक्स-रेत
डॉक्टरांनी पेन्सिलीनं दाखवलं होतं:
हा मणका. पाचराएवढा उरलाय.
तीस वर्षं नदीत ओंडके हाकले एइनारीनं,
ओझं सगळं खांद्यांवर,
मोडलं ते कमरेत.
दाराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या खुणा आहेत,
सहाव्या वर्षापासूनच्या.
गेल्या ईस्टरला ते स्वतःच तिथं पाठ टेकून उभे राहिले,
म्हणाले, कर खूण.
चौदाव्या वर्षाच्या माझ्यापेक्षा
दोन बोटं खाली.

'काय करतेस तिथं?'
जंगल दाबते.
'झाडं सरळ आहेत?'
नाहीत. गुंतलेली.
'मग बरंय,' ते म्हणाले, आणि बराच वेळ
नदीकडे बघत राहिले.
'सुटा ओंडका माणूस मारतो.'

दाट उगवलेलं जंगल ठोकळा उचलला की
परत उभं राहतं.
पूर्ण नव्हे; अंगावर सुरकुत्या राहतात,
दुसऱ्यांदा दाबलं तर तिथंच दुमडतं,
कमी जोरात.
विरळ असेल तर पडून राहतं.
कुठल्या घनतेला हे ठरतं
त्यावर रौनीचा अख्खा प्रबंध अडलाय.

एक फसलेला तुकडा मी घरी नेला.
नियमात बसत नाही.
त्यांनी चष्मा न लावताच
डावा अंगठा टेकवला, डांबरट, रुंद,
आणि दाबला; सावकाश नव्हे.
काळ्यावर चकाकतं डबकं उमटलं.

'हे आता वर येणार नाही?'
नाही, बाबा. हे विरळ होतं.
हात धुवा.

ते उठले नाहीत.
तुकडा खिडकीच्या कडेवर ठेवला,
पणजोबांच्या डांबराच्या बुधलीशेजारी,
आणि मग विचारलं,
कॉफी किती उरलीय.