सी ड्राइव्ह नावाचा फोल्डर

निफाडला पारा सहावर आला त्या आठवड्यात
आमच्या अंबडच्या शेडमधला जुना कॉम्प्युटर गेला.
धूर नाही, आवाज नाही.
सकाळी बटण दाबलं, तो उठलाच नाही.

त्याच्यात स्प्रिंग तपासायचा प्रोग्रॅम होता.
स्प्रिंग दाबायची, ती किती जोर परत देते
त्याची रेघ निघते,
दोन लाल रेघांच्या मधून गेली तर पास.
लिहून देणारी कोइमतूरची कंपनी कधीच बंद पडलेली.
त्या नंबरावर आता कुणीतरी तमिळमध्ये
बहुतेक साड्यांचे भाव सांगतं.

नव्या मशीनवर लिनक्स.
बागूलशेठ म्हणाले, फुकट आहे ना, मग तेच.
प्रोग्रॅम विंडोजचा.
दोघांत रोटी नाही, बेटी नाही,
एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही.

मध्ये एक थर टाकतात. त्याचं नाव वाइन.
गंगापूर रोडला बोलू नका,
लोक ग्लास घेऊन येतील.

हा थर सोंग आणत नाही,
पोटात दुसरं अख्खं मशीन उभं करत नाही.
नुसता उंबऱ्यात उभा राहतो.
आतला काही मागतो,
हा बाहेर वळून तेच बाहेरच्यांच्या बोलीत मागतो.
आई सटाण्याहून सिडकोत आली तेव्हा
तिच्या आणि शेजारणींच्या मध्ये
मी अशीच उभी असायचे, सात वर्षांची.
ती म्हणायची, काय करी राहिनी?
मी म्हणायचे, आई विचारतेय, काय चाललंय.
काही वाक्यं मी गाळायचे.
वाइनही गाळतो, पण काळ्या पडद्यावर कबूल करतो:
हे मला अजून येत नाही, कुणीतरी दुरुस्त करा.
आणि पुढे जातो.

प्रोग्रॅमने विचारलं, सी ड्राइव्ह कुठाय?
त्याला एक फोल्डर दाखवला, नाव सी ड्राइव्ह.
आत विंडोज नावाचा आणखी एक,
नव्या बिऱ्हाडासारखा, अर्धा रिकामा.
त्याने शंका घेतली नाही.
सामान टेकवलं आणि बसला.

रात्री साडेअकराला खिडकी उघडली,
पण मराठी नावांच्या जागी
टोप्या घातलेली परदेशी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाच्या खुणा.
खैरनारकाकांना फोन लावला.
ते हल्ली बाणेरला, मुलाकडे, अकराव्या मजल्यावर.
जागेच होते.
म्हणाले, फॉन्ट वेगळा आहे तो,
सीडी माझ्या खणात, चुन्याच्या डबीखाली.

फॉन्ट टाकला, आणि नावं माणसांत आली:
तपासणारे प्र. खैरनार, वि. ढिकले,
आणि कुणी ज. शेख,
ज्यांना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही.

काकांनी एकच विचारलं. बीप वाजते का?
नाही.
सगळं ओलांडून आलं होतं, तेवढा आवाज मागे राहिला.
मग हात नाही चालायचे, पोरी.
नजर स्प्रिंगवर असते, पडद्याकडे कोण बघतंय?
पलीकडे लिफ्टचं दार उघडल्याचं ऐकू आलं,
मग ते म्हणाले, ठेवतो, इथे सगळे झोपलेत.

पहाटे तीनपर्यंत झटले. नाहीच वाजली.

सकाळच्या पाळीला ढिकलेबाई आल्या,
स्वेटरवर साडीचा पदर खोचलेला.
पहिली स्प्रिंग लावली, हँडल ओढलं.
रेघ लाल रेघांच्या बरोब्बर मधून गेली.
त्या हँडल धरून थांबल्या.
मी म्हटलं, बाई, आवाज येत नाही आता.
त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं,
एकदा माझ्या तोंडाकडे,
आणि स्वतःच म्हणाल्या, टिंग.
मग दुसरी घेतली. टिंग.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशेच्या वर झाल्या.
मी कोपऱ्यात पाठ करून बसले होते, डोळे मिटत होते,
मध्येच एकदा काहीच ऐकू आलं नाही.
वळून पाहिलं.
ती स्प्रिंग लाल डब्यात पडत होती.