अब्सुर्दे

नोव्हेंबरात मांतोवाचं धुकं तळ्यावरून उठतं
आणि शाळेच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतं.
ओताविया बाई दिवा लावून फळ्यावर लिहितात:
अब्सुर्दे. क्रियाविशेषण.
खाली रेघ.

वर्गाला वाटतं, हा तर आपल्या ओळखीचा.
बाजारात रोज भेटतो, शेपूट वाढलेली:
असुर्दामेन्ते महाग टोमॅटो,
असुर्दामेन्ते लांब रांग,
असुर्दामेन्ते देखणी ती बेकरीतली.
म्हणजे काय? फार.
शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला
की शेवटी 'फार' एवढंच उरतं.

मागे चला, बाई म्हणतात. दोन हजार वर्षं.
तेव्हा अब्सुर्दे गाणं म्हणजे बेसूर गाणं.
ताळ सुटणं, जगाचं डोकं फिरणं,
काहीच्या बाही, भलतंसलतं, हे सगळं मागाहून.
आधी एकच स्वर,
जागेवरून घसरलेला, संगत सुटलेला.
आणि शब्दाच्या पोटात सुर्दुस. बहिरा.
गाणारा बहिरा, की ऐकणारा?
बाईंनी ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

वाक्यात उपयोग करा.
खलाशी अब्सुर्दे नांगरतो.
राणी बेडकाला अब्सुर्दे पत्र लिहिते.
मागच्या बाकावर खसखस पिकते.

एर्मेसची वही:
माझे बाबा अब्सुर्दे सूर लावतात.

लिव्हियो. तीस वर्षं गावातले पियानो लावणारा.
वसंतात डावा कान गेला, द्राक्षं उतरेपर्यंत उजवा.
तरी दर गुरुवारी तो बेल्ट्रामी बाईंकडे जातो,
गाल लाकडाला टेकवून तारा पिळतो.
एर्मेस पिशवी धरून उभा.
बेल्ट्रामी बाई पैसे मोजतात, वाईन देतात,
"वा, कसा गोड वाजतोय" असं ओठ मोठे करून म्हणतात,
आणि तो कोपऱ्यावर वळला
की वेरोनाच्या माणसाला फोन लावतात.
त्यालाही पैसे.
डॉक्टरांच्या घरीही असंच. चर्चमध्येही.
सगळ्या गावाला माहीत आहे.
एर्मेसला माहीत आहे.
लिव्हियोला?

लाल पेन वहीवर थांबलंय.
विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर.
क्रियाविशेषण मात्र जागचं हलायला बघतंय,
'लावतात' सोडून दुसऱ्याच कुणाच्या क्रियापदाला
जाऊन चिकटायला.

बाई बरोबरची खूण करतात. मग समासात, बारीक अक्षरात:
आमचाही उतरलाय.
शनिवारी चारला बाबांना घेऊन ये.