अठ्ठाविसाव्या दिवशी

वाल्दिव्यात, नदीकाठच्या जुन्या गोदामाच्या माडीवर
काँक्रीटवाल्यांची आमची संघटना
पुढच्या पाच वर्षांची उद्दिष्टं ठरवायला बसली.
इतिवृत्त लिहायला मी.
बाहेर जुलैची थंडी,
खाली धक्क्यावर समुद्रसिंह जांभया देत पडलेले.

उद्दिष्ट एक : उद्योगाची प्रतिमा उंचावणे.
उद्दिष्ट दोन : सर्वांना सोबत घेऊन वाटचाल.
उद्दिष्ट तीन : तरुणांना सक्षम करणे.
अध्यक्ष एर्मिनियो बारिया दर ओळीनंतर
चष्मा काढून पुसायचे,
धुकं जणू काचेवरच होतं.

चौथ्यावर घोडं अडलं.
‘कार्बन निम्म्यानं कमी करू’ असा मसुदा होता.
निम्म्याचं ‘लक्षणीय’ झालं,
लक्षणीयचं ‘शक्य तितका’,
कॉफी येईतो ‘कमी करण्याचा विचार करू’.
प्रत्येकानं वाटीभरच पाणी घातलं.
जास्त झालं असं एकालाही वाटलं नाही.

मागच्या रांगेत नेलिदा ओयार्सून.
चाचणीशाळेत बत्तीस वर्षं, पण सभासद नव्हे;
तिला बोलावलं होतं तिसऱ्या उद्दिष्टापुरतं,
तरुणांना कोन भरून दाखवायला.
ती उठली. “धक्क्याच्या कामाचा मिक्सर आलाय.
नमुना घ्यायचाय. आत्ताच.”

आतला माल सभा संपायची वाट बघत नाही,
एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक. उतरलो.
फिरत्या ड्रमवर बारियांच्याच कंपनीचं नाव,
ड्रायव्हर कात्रिलेओ, हातात नळी.
नेलिदानं नळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
“किती?”
“फार नाही. चढावर तास गेला, माल घट्ट झाला.
पसरणाऱ्या पोरांचे हात भरून येतात, बाई.”

तीन थर. दर थराला पंचवीस ठोसे.
मोजताना तिचे ओठ हलत होते,
महिनाअखेरीला पैसे मोजणाऱ्या बाईसारखे.
मग कोन उचलला, सरळ, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या डोक्यातून स्वेटर काढावा तसा.

ढीग क्षणभर उभा राहिला.
मग बसला.
बसतच गेला,
बुटांपर्यंत आला.
तिनं पट्टी लावली : “बावीस. हवं होतं दहा.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
“ह्याचा एकट्याचा दोष नाही,” हात पुसत म्हणाली,
“पाणी घातलं की सगळ्यांचंच काम हलकं होतं.
आज.
अठ्ठाविसाव्या दिवशी मी नमुना दाबून फोडते,
तेव्हा खरं कळतं.
तोवर त्यावर भिंत चढलेली असते.”

बारियांनी गाडी परत पाठवली. स्वतःचीच.
जिन्यात दोनदा थांबले; दम लागला म्हणाले.

वर येऊन चौथं उद्दिष्ट मी पुन्हा वाचलं.
‘कमी करण्याचा विचार’—
माझ्याच आवाजात ते टेबलभर पसरत गेलं.
“खोडा,” बारिया म्हणाले. “निम्म्यानं, असंच लिहा.
कुठल्या सालापर्यंत, तेही. आणि मोजणार कोण, तेही.”
चौघे विरोधात. नावांसकट नोंदले.
एकजण म्हणाला, हे आपल्याला पेलायचं नाही.
त्याचंही म्हणणं लिहिलं; तो खोटं बोलत नव्हता.

समासात मी एक ओळ आपल्या मनानं घातली :
चढावर माल घट्ट होतो तेव्हा
ड्रायव्हरनं नळीऐवजी काय उघडायचं,
हे त्याला कुणी शिकवलंय का?
ती अजून चर्चेला आलेली नाही.
कात्रिलेओची त्या दिवसाची खेप बुडाली, तेही कुठे आलं नाही.

परत गेलेल्या मालातून नेलिदानं
तीन सिलिंडर भरून ठेवलेत,
आणि दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या मालातून तीन.
अंगावर खिळ्यानं तारखा कोरल्यात.
सहाही टाकीत पाण्याखाली आहेत.

दुपारी डबा खाल्ला की मी डोकावून येते.
आज अकरावा दिवस.
वरून सगळे सारखेच दिसतात.