उठायला, उठवायला

ग्रिम्स्बीच्या केअर होममध्ये रात्रपाळी सातला सुटते.
सुटण्याआधी वहीत लिहायचं, कोण कसं आहे.
माणशी एक ओळ, फार तर दीड.

पाच नंबर, मिसेस ऑलरेन्शॉ: डिफिकल्ट टू वेक अप.
इथे पेन अडतं.
उठायला अवघड, की उठवायला?
आपल्याकडे एका 'व'वर भागतं.
उठायला म्हटलं तर त्रास बाईंचा,
उठवायला म्हटलं तर माझा.
इंग्रजीत तो 'व' कुठे खोचायचा?
विशेषण पुढे, मागे टू, त्यामागे क्रियापद,
आणि कोण कोणाचं काय करतंय
हे आपलं आपण ओळखायचं.

सकाळच्या पाळीची जिलियन सांगते,
डिफिकल्ट म्हटलंस की उठवणारी तू,
स्लो म्हटलंस की उठणाऱ्या त्या.
नियम काय?
नियम नाही गं, कानाला कळतं.
माझे कान बार्शीचे.

जेवणाच्या ट्रेवर छापलेलं असतं, रेडी टू ईट.
नऊ नंबरचे मिस्टर कॉवूड हाताची घडी घालून बसलेले.
डबा तयार, माणूस तयार नाही.

क्रियापदामागे हे जे लोंबतं,
अप, ऑफ, आऊट, डाऊन,
त्यांना मी आधी दिशा समजत होते.
गिव्ह अप म्हणजे वर देणे. कुणाला? देवाला?
पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप विथ:
ठेवायचं एकच, ठेवल्यावर सगळं भलतंच.
मग लक्षात आलं, आपण तरी काय करतो?
विसरून गेले. कुठे गेले?
टाकून दिलं. दिलं कुणाला?
मावशी चारचौघांत सांगायची,
पोरगी इंग्लंडात देऊन टाकली.
त्यात दिलं किती आणि टाकलं किती,
मी अजून मोजते आहे.

मागच्या महिन्यात नऊ नंबरपुढे लिहिलं,
हार्ड टू पुट डाऊन.
पलंगावर आडवं करायला जड जातात,
एवढंच म्हणायचं होतं.
जिलियन मोठ्यांदा हसली,
मग दार लोटून हळूच म्हणाली,
असं पुस्तक असतं, हातातून सोडवत नाही असं.
नाहीतर म्हातारा कुत्रा.
त्याला सुई देतात.
मी ओळ खोडली. पलीकडच्या पानावर उमटेपर्यंत खोडली.

पण या इमारतीच्या भिंती पुठ्ठ्याच्या.
त्या रात्री अंगावर पांघरूण घालताना कॉवूडनी विचारलं,
"मग मी कोण? पुस्तक की कुत्रा?"
"पलंग," मी म्हटलं.
घाईत तेवढाच शब्द सापडला.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर जाळी सांधलेले हात
गादीवर आपटत ते इतके हसले
की कवळी खाली पडली,
ती मी उचलली, धुतली, परत दिली.
उचलणं म्हणजे पिक अप.
हे एक मला पहिल्या दिवसापासून येतं.

आज पहाटे त्यांच्यापुढे लिहिलं,
ईझी टू गेट ऑन विथ.
जुळवून घ्यायला सोपे.
झोप नव्हतीच त्यांना. वही ओढली,
चष्म्याशिवाय, हातभर लांब धरून वाचलं.
"खोटं लिहू नकोस, पोरी.
उद्या एखादी नवी येईल, बेसावध राहील."

खोडलं.
हार्ड टू, एवढं परत लिहिलं,
आणि पुढचं शोधत राहिले.
बाहेर गोदीकडचे पांढरे पक्षी
कुणाशी तरी भांडत होते.
काहीच बसेना.
पुट अप विथ म्हणावं तर ते सोसण्याचं,
लीव्ह बिहाइंड म्हणावं तर ते माझं होतं, त्यांचं नव्हे.

तेवढ्यात पाच नंबरची घंटा वाजली.
धावत गेले.
मिसेस ऑलरेन्शॉ पलंगावर ताठ बसलेल्या,
केस विंचरलेले.
कुणी न उठवता.
चहा मागत होत्या.