सुटत नसलेली शाळा

बर्गनमध्ये आज सलग एकतिसावा दिवस पाऊस.
डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलंय:
गुन्वोर स्क्येल्विक, वय एकसष्ट,
कॉड खारवण्याच्या गोदामात सव्वीस वर्षं.
डोळे कोरडे, तोंड कोरडं.
आणि खाली, तिच्याच शब्दांत:
कांदा चिरते, काहीच होत नाही.

तिच्या खालच्या ओठातली ग्रंथी
माझ्यापर्यंत येते मेणाच्या ठोकळ्यात,
मसुराच्या दाण्याएवढी.
मी कापते, रंगवते. जांभळा, गुलाबी.

लाळेच्या नळ्यांलगत, नको तिथे,
एक गोल. मधे फिकट, कडेला दाट.
एक शाळा.

तशा शाळा असतात अंगात,
टॉन्सिलमध्ये, काखेतल्या गाठींत;
ताप आला की भरतात, उतरला की सुटतात.
अंधाऱ्या वर्गात पेशी आपलंच अक्षर खोडून
मुद्दाम वेगळं गिरवतात,
मग उजेडात येऊन दाखवतात.
ज्यांचं शत्रूवर नेमकं बसतं त्या तगतात,
बाकीच्या जागीच मरतात,
आणि झाडूवाल्या पेशी त्यांना गिळून टाकतात
बोभाटा न करता.
माझ्या नातवाची सर्दी बरी होते
ती एवढ्या मरणांवर.

पण इथे ताप नव्हता.
कधीतरी एका खोडाखोडीत
अक्षर जुळलं घरच्याच नावाशी
आणि ज्याने नापास करायचं
त्या मास्तराने मान डोलावली.
एवढंच.
मग शाळा सुटलीच नाही.
तोच धडा, रोज थोडा अधिक धारदार.

कुंपणाने शेत खाल्लं, म्हणणं सोपं आहे.
खाणाऱ्याला निदान भूक असते.
ह्या पेशी नुसत्या हुशार होत्या.

ऑडून माझ्या शेजारी बसून मोजतो:
दोन. तिसरी अर्धवट.
"हिच्यावर पुढेही नजर ठेवायला हवी,"
म्हणतो, आवाज उतरवून,
जणू काचेवरची ती ऐकेल.
अहवालात शाळा लिहायची नसते.
अंकुरकेंद्र, तो टंकतो.
पेरणीचा शब्द.

दुपारी कँटीनमध्ये
ओली छत्री खुर्चीला टांगून
एक बाई कडक पाव खात होती.
घास, पाण्याचा घोट,
पुन्हा घास, पुन्हा घोट,
मधे डोळ्यांत थेंब टाकायला थांबून.

कदाचित ती नव्हेच.
मी नाव विचारलं नाही.
माझ्या टेबलावरचा पाण्याचा जग मात्र
तिच्याकडे सरकवला.