खोली नंबर तेवीस

माझगावच्या त्या इमारतीत
मीटरच्या कपाटासमोर दिवा नव्हता.
बावीस वर्षं मी लोकांच्या दिव्यांचे आकडे लिहीत आलो
आणि पडलो तो अंधारात,
शेवटची पायरी संपली असं समजून.
ती संपली नव्हती.

आवाज आधी आला, दुखणं नंतर.
हरभऱ्याचा घाटा फुटावा
तेवढाच घोट्याचा आवाज.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली.
हाड सरकलेलं नाही, नशीब समजा. सहा आठवडे.
वय माझ्या धाकटीएवढं.
नशीब म्हणाली, मी मान डोलावली.

खोलीत एक बादली, एक रबरी चादर,
पंख्याच्या पात्यांवरसुद्धा पांढरे शिंतोडे,
आणि मुकादम.
"आधी ऐकून घ्या," तो म्हणाला, "मग घाबरा.
आधी मोजा, मग कापूस, मग ओल्या पट्ट्या.
पहिल्यांदा गार लागेल. मग गरम.
भाजतंय असं वाटेल, भाजणार नाही.
पाय सोडा."
सोडलाय.
"नाही सोडला. मांडीला विचारा."

मग त्याने माझा तळवा
सरळ आपल्या छातीला लावला,
पाऊल काटकोनात राहावं म्हणून.
माझा हात आपोआप उठला.
पाय लागला की नमस्कार,
ही आईने लावलेली सवय.
तो हसला. त्याची छाती हलली, माझं पाऊल हललं.
"दिवसाला तीस लाथा खातो, काका.
नमस्कार घेत बसलो तर ओपीडी कधी संपायची?"

आणि खरंच गरम झालं.
कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या
गादीसारखं.
त्या उबेत तो बोलत राहिला
आणि माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच:
पाणी नाही.
बोटं हलवत राहायची.
निळी पडली, बधिर झाली,
तर रात्री दोनलासुद्धा यायचं, सकाळची वाट बघायची नाही.
खाज येईल. येऊ द्यायची.
"पट्टी नाही, विणायची सुई नाही.
मागच्या महिन्यात एकाच्या प्लास्टरातून
उदबत्तीची अर्धी काडी निघाली."

आमचा चौथा मजला, बहात्तर पायऱ्या.
बसून चढलो, पाठमोरा, एकेक,
शालन खालून दोन्ही कुबड्या घेऊन.
दारांचे उंबरठे डोळ्यांसमोर आले,
पिंटोबाईंच्या पायपुसण्यावरचं मांजर
माझ्याकडे बरोबरीने बघत होतं.
तिसऱ्यावर दम खाताना
आमच्या मीटरचा आकडा वाचला.
वहीत हात गेला. वही नव्हती.

रात्री उशीवर पाय,
आणि तो पाय, म्हणजे एक पाहुणा
जो गप्पही बसत नाही आणि बोलतही नाही.

पाचव्या आठवड्यात साटमचा फोन.
आपल्या वॉर्डात नवे मीटर बसतायत,
आकडा स्वतःच पाठवतात म्हणे.
जिने चढायला नकोत कुणाला.
"बरंच झालं ना, तुम्ही आराम करा."
फोन ठेवून मी बोटं हलवली.
पाचही हलली.

सहाव्यात करवत.
मुकादमने ती आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवली.
"कडक असेल तेच कापते."
प्लास्टर उघडलं,
आत कुणाचातरी बारीक, खवले धरलेला,
काळ्या केसांचा पाय.
"टेकवा," तो म्हणाला.
फरशी किती गार असते.

बाहेर पडताना अकरा पायऱ्यांचा जिना,
वर दिवा लख्ख.
तरीही शेवटची संपली का,
हे मी काठीला
दोनदा विचारलं.